वंश कोणता वाढवावा? मरोळच्या होतकरू सर्पपालकांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

मरोळ-मरोशी रस्त्यावरच्या साडेतीनशे चौरस फुटांत आई-वडील, धाकटा भाऊ आणि एक कॉर्न स्नेक राहत असूनही ज्याला घरात जागा शिल्लक दिसते, त्याच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. असा माणूस फार दिवस एका सापावर थांबत नाही. त्याला जोडी हवी असते, आणि जोडी आली की पैदासीची दिशा ठरवावी लागते. ती अशी ठरवावी.

1. जोडी जमवणं

मादी किमान तीन वर्षांची, तीन फुटांची आणि तीनशे ग्रॅमची असावी, असा जाणत्यांचा संकेत आहे. पत्रिका जुळवण्यापेक्षा हे सोपं. अवघड प्रश्न आहे तो जोडी आणायची कुठून.

विमानतळ हाकेच्या अंतरावर असल्यामुळे एक मार्ग लगेच सुचतो. तो विसरावा. डिसेंबर 2023 मध्ये बँकॉकहून मुंबईला उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात, बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत, महसूल गुप्तचर संचालनालयाला नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले. सापांना बँकॉकला परत पाठवण्याचा आदेश निघाला. प्रवाशाचा मुक्काम मात्र वाढला. कॉर्न स्नेक सायटिस या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराच्या यादीत नाही, या वाक्यापाशी पुष्कळांचा कायद्याचा अभ्यास संपतो. आयात परवाना आणि सीमाशुल्क ही पुढची पानं आहेत.

म्हणून स्वदेशीचा आग्रह धरून आरेच्या जंगलातल्या धामणीकडे किंवा तस्कर सापाकडेही वळू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हौसेला सवलत नाही.

2. दिशा निवडणं

रंग: ही राजमान्य दिशा. 1953 साली नॉर्थ कॅरोलिनात काळ्या रंगद्रव्याविना जन्मलेला एक नर सापडला. बर्नार्ड बेक्टेल या त्वचारोगतज्ज्ञांनी 1961 पर्यंत त्याच्यापासून तसलीच पिल्लं मिळवली आणि हा गुण अप्रभावी असल्याचं दाखवून दिलं. आज आवृत्त्या इतक्या झाल्यात की नावं साडीच्या दुकानात ऐकल्यासारखी वाटतात: स्नो, बटर, कॅरमेल, ब्लिझर्ड.

कुळ: साउथ कॅरोलिनातल्या एका शिकारी क्लबाच्या जमिनीवरून ‘ओकीटी’ हे नाव आलं. बाजारातले पुष्कळसे ओकीटी आता त्या जमिनीचे नसून पिढ्यान्‌पिढ्या निवडून काढलेल्या रंगाचे आहेत. त्यामुळे तिसऱ्या पिढीत ‘मरोळ लाइन’ जाहीर करण्याचा मोह होईल. मरोळला गावठाण आहे, सुक्या मासळीचा बाजार आहे, मेट्रो आहे. तेवढी कीर्ती पुरे.

नावीन्य: इथे मात्र चेष्टा थांबवून वाचावं. सनकिस्ड या देखण्या वाणाच्या काही घराण्यांत ‘स्टारगेझर’ नावाचा दोष शिरला. तो दोन्हीकडून आला की पिल्लाची मान वर वळते आणि त्याला सरळ सरपटता येत नाही. आई-बाप दिसायला निरोगी असतात. घराण्याची माहिती मिळत नसेल तर ही दिशा सोडावी.

3. हवापाणी

मिलनाआधी बरेच पैदासकार सापांना दोन-तीन महिने 10 ते 15 अंशांत निजवतात. सांताक्रूझला जानेवारीतला पारा पंधराच्या खाली गेला तर पेपरात बातमी येते. उरतो फ्रिज. त्यात पापलेटशेजारी उंदराची गोठवलेली पिल्लं आधीच आहेत, आणि त्या डब्याबद्दल आईशी झालेला तह नाजूक आहे. सुदैवाने काही जण ही झोप न घडवताही पैदास करतात. अंड्यांना लागणारे 28 अंश आणि दमटपणा मरोळ फुकट पुरवतं. फक्त मे महिन्यात जरा जास्तच पुरवतं.

4. गणित

स्नो हवा असेल तर काळा आणि लाल, दोन्ही रंग दडवणारे गुण अदृश्यपणे बाळगणारी जोडी लावतात. दर सोळा पिल्लांमागे सरासरी नऊ साधी, तीन लालसर, तीन करडी आणि एक स्नो. नवशिके इथे त्या एकाचा फोटो कुठे काढायचा ते ठरवतात.

5. उरलेली पंधरा

ही मार्गदर्शिकेतली खरी पायरी आहे. ही पंधरा पिल्लं पंधरा-वीस वर्षं जगणार आणि दर आठवड्याला जेवायला मागणार. प्रत्येकाला वेगळा डबा लागेल. साधी नऊ कोणी मागत नाही. सोसायटीच्या चेअरमनला लालसर आणि करड्यातला भेद पटवता येणार नाही. ते थेट सर्पमित्राला बोलावतील.

आरेत सोडण्याचा विचारही करू नये. ग्रॅन कनारिया बेटावर पाळीव कॅलिफोर्निया किंगस्नेक सुटले आणि ते पसरले त्या भागांतून तिथले खास सरडे जवळपास नाहीसे झाले.

तेव्हा चौकटीची वही घ्यावी, सोळा घरं आखावीत. स्नोचं घर रिकामं ठेवावं. त्याला गिऱ्हाईक मिळेलच. बाकीच्या पंधरा घरांत प्रत्येकी एक नाव लिहावं: कायदा सांभाळून, घरच्यांना विचारून, वीस वर्षं साप पाळायला तयार असलेल्या माणसाचं. पंधरा नावं भरली की दिशा ठरली. भरेनात, तर दोन डबे वेगळ्या फळ्यांवर ठेवावेत. सापांची तक्रार नसते; ते एकेकटेच राहणारे प्राणी आहेत.