टॅपेटकाका

बहरीनमध्ये गाडी म्हणजे चाकं लावलेला एसी. हवा गार येतेय ना, मग पुढे बॉनेटखाली काय फिरतंय याची चौकशी कोणी करत नाही. अशा देशात आमचे टॅपेटकाका वर्षानुवर्षं लोकांच्या इंजिनांना कान लावत हिंडतायत. गुदैबियात कुणाकडे सत्यनारायण असला तरी काका आधी पार्किंगमध्ये. मग प्रसाद घेता घेता यजमानाला कोपऱ्यात घेणार. "तुझी गाडी फार गप्प झालीय रे. लक्ष दे."

गप्प गाडी ही तक्रार कशी, हे नवख्याला उमगत नाही. तो "म्हणजे?" विचारतो आणि सापडतो. व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यात केसाएवढी फट लागते; ती जुळवणं म्हणजे टॅपेट लावणं. ती वाढली की टकटक वाजतं, गाडी थोडी आळसावते. पण ती मिटली की आवाज बंद, मालक खूश, आणि आत व्हॉल्व्ह पुरता बसेनासा होतो. बसला तरच तो आपली उष्णता सीटला देणार. नाहीतर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह हळूहळू जळत जातो. "वाजणारा टॅपेट परवडला, मुका नको," असं म्हणून काका हटकून काकूंकडे बघतात. लग्नानंतर आपलं झालेलं हे एकमेव कौतुक, असं काकू सांगतात.

हा वारसा वडिलांचा. ते कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात होते, आणि रविवारी अख्ख्या चाळीच्या पद्मिन्यांचे टॅपेट फुकट लावून द्यायचे. काकांकडे 2008 ची होंडा सिव्हिक आहे, तीही निवडून घेतलेली. हल्ली बऱ्याच गाड्यांत हायड्रॉलिक टॅपेट असतात, आपली फट आपणच सांभाळणारे. त्यांच्याविषयी काका घरजावयाविषयी बोलावं तसं बोलतात. सिव्हिकला मात्र स्क्रू आणि नट. सोळा व्हॉल्व्ह, इनटेकला 0.18 ते 0.22 मिलिमीटर, एक्झॉस्टला 0.23 ते 0.27. स्वतःच्या मुलांच्या जन्मतारखा ते काकूंना विचारतात, हे आकडे नाही.

पंचाईत अशी की होंडाचं पुस्तक बजावतं, इंजिनाचं हेड 38 अंशांच्या खाली असेल तरच फट मोजा. धातू तापला की फुगतो आणि माप खोटं पडतं. आता जुलैत बहरीनमध्ये दिवसा सावलीतलं पत्र्याचं डबडंसुद्धा 38 च्या खाली नसतं. "हिवाळ्यात करा," असं कोणीही शहाणा म्हणेल. काकांना ते पटत नाही, शंका आली ती जुलैत! म्हणून इंजिन रात्रभर निवावं यासाठी गुरुवारी संध्याकाळपासून गाडीची किल्ली काकांच्या उशीखाली जाते, आणि काकू टॅक्सीने मनामाच्या बाजारात. शुक्रवारी फजरची अजान होते तेव्हा काका बनियनवर, कपाळाला बॅटरी बांधून बॉनेटमध्ये वाकलेले असतात. दुपारी बारा ते चार उघड्यावर काम करायला इथे भर उन्हाळ्यात कायद्याने बंदी आहे, ती मजुरांसाठी. काकांवरची बंदी काकूंची, आणि ती सूर्य उगवताच लागू होते.

एकदा बॅटरी धरायला मला नेलं होतं. टॅपेट कव्हरचे बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, गॅस्केट वर्तमानपत्रावर. "एक, तीन, चार, दोन," असा फायरिंग ऑर्डर पुटपुटत काकांनी क्रँक फिरवून एक नंबरचा पिस्टन वर आणला. मग फीलर गेजची पाती बनियनला पुसून फटीत सरकवली. "ओढून बघ. पोथीच्या पानांतून मोरपीस काढतोयस असं वाटलं पाहिजे." मला नुसतं पत्र्यातून पत्रा काढतोय असं वाटलं. दहाच्या पान्याने नट आवळला की स्क्रू किंचित फिरतो आणि फट बदलते. मग पुन्हा सैल, पुन्हा गेज, पुन्हा नट. सोळापैकी एकच व्हॉल्व्ह घट्ट निघाला. काकांचा चेहरा असा खुलला की जणू मुलगी दहावीत बोर्डात आली.

सलमाबादच्या एका गॅरेजात त्यांनी हे काम एकदा सांगून पाहिलं होतं. मेकॅनिकने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "साब, एसी तो ठीक है ना?" त्यानंतर काका त्या गल्लीतून गाडी नेत नाहीत.

सखीरला फॉर्म्युला वनची शर्यत 2004 पासून भरते. मंडळी गाड्या बघायला जातात, काका ऐकायला जायचे. 2014 मध्ये नवी टर्बो इंजिनं आली, गोंगाट उतरला, आणि त्याच वर्षी इथली शर्यत रात्रीच्या दिव्यांत गेली. सगळे रोषणाईवर खूश. काका गंभीरपणे म्हणाले, "आवाज गेला की काहीतरी दडवतायत."

माणूस चक्रम आहे, पण त्यांच्या सिव्हिकचा व्हॉल्व्ह आजवर एकही जळलेला नाही. तुमच्या गाडीला स्क्रू-नटाचे टॅपेट असतील तर खुशाल त्यांच्याकडे न्या. फक्त आदल्या संध्याकाळीच त्यांच्या दारात लावा, किल्ली त्यांच्या हातात द्या आणि परतीच्या टॅक्सीचे पैसे बरोबर ठेवा.