हनुवटी एसीकडे

रेम्ब्रांट हा डच चित्रकार १६६९ साली वारला. पण पुण्यातल्या एखाद्या भाड्याच्या स्टुडिओत रविवारी सकाळी जाऊन बघा, त्याच्या नावाने अजून भांडणं चाललेली असतात. वाद असतो एका त्रिकोणाचा. मुख्य दिवा चेहऱ्याच्या एका बाजूने, जरा वरून लावला की नाकाची सावली पलीकडच्या गालावर उतरते आणि तिथल्या सावलीला जाऊन मिळते. त्या अंधाऱ्या बाजूला डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण तेवढा उरतो. बास, एवढंच. पण हा त्रिकोण डोळ्यापेक्षा रुंद असू नये आणि नाकापेक्षा लांब असू नये असा नियम आहे, आणि नियम म्हटला की आमच्या ग्रुपच्या अंगात येतं.

आमचा ग्रुप हौशी फोटोग्राफरांचा. पक्षी काढून झाले, किल्ले काढून झाले, वारीतल्या आजीबाईंच्या सुरकुत्या तर दरवर्षी इतक्या जणांनी काढल्या की हल्ली त्या आजीबाईच आम्हाला उन्हाकडे तोंड करून उभ्या राहतात. मग कोणीतरी म्हणालं, आता स्टुडिओ पोर्ट्रेट. स्टुडिओ तासावर, मॉडेल तासावर, खर्च वर्गणीने. पक्षी तासाचे पैसे मागत नाहीत, हा मुद्दा बँकवाल्या काकांनी सुरुवातीलाच नोंदवून ठेवला.

बँकवाले काका कर्ज विभागातून निवृत्त झाले. रेम्ब्रांटने १६३९ साली ऐपतीबाहेरचं घर घेतलं, त्याचे पैसे थकवले आणि १६५६ साली दिवाळखोर ठरला, ही माहिती त्यांना कोणीतरी पुरवली आहे. तेव्हापासून त्याच्या लाइटिंगवर त्यांचा विश्वास नाही. "ज्याला स्वतःचे हप्ते जमले नाहीत, त्याचा त्रिकोण आपण कशाला गिरवायचा?" दुसरे दातांचे डॉक्टर. बिचाऱ्यांचा सगळा आठवडा, तोंडात कुठेही सावली पडू नये म्हणून मुद्दाम बनवलेल्या दिव्याखाली जातो, त्यामुळे रविवारी त्यांना सावलीची भूक लागलेली असते. तिसरा आयटीतला. त्याच्याकडे सगळी उपकरणं आहेत. त्याने सगळे व्हिडिओ पाहिले आहेत. दोन्हींचा परस्परसंबंध अजून लागायचा आहे. आणि चौथा मी. थर्माकोल धरणारा.

थर्माकोलला हसू नका. दिव्याच्या समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोल धरला की उजेड त्यावर आपटून मऊ होऊन सावलीत शिरतो. पूर्वी मखराला आणायचो तोच हा थर्माकोल. मोठमोठ्या सिनेमांच्या सेटवर नट्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं याच पांढऱ्या पत्र्याने घालवली आहेत. शिवाय ज्याच्या हातात थर्माकोल, त्याच्या हातात कॅमेरा नसतो. म्हणून त्याला सगळं दिसतं.

मला पहिल्यांदा दिसली ती खिडकी. बाहेर मार्चमधलं झकास ऊन. ते आत येऊ नये म्हणून खिडकीला काळा पडदा, पडद्याच्या कडांना काळी टेप. आणि त्या पडद्याच्या बरोब्बर पुढे दिव्याचा एक भलामोठा चौकोनी सॉफ्टबॉक्स, त्यावर काळ्या पट्ट्यांची फुली, कशासाठी, तर खिडकीतून उजेड आल्यासारखा वाटावा! काकांनी एकदा खिडकीकडे आणि एकदा तासाच्या दराच्या पाटीकडे पाहिलं, पण बोलले नाहीत. एकोणिसाव्या शतकातले स्टुडिओवाले छपराला काचा बसवायचे आणि सूर्याची मिनतवारी करायचे. उघडझाप होऊ लागली की गिऱ्हाइकाला ताटकळत बसवायचे. प्लेटला उजेड पोचायला इतका वेळ लागायचा की डोकं हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावत. त्या काळच्या फोटोंत आपले पूर्वज करारी दिसतात त्याचं निम्मं श्रेय त्या लोखंडाला द्यायला हवं.

स्टुडिओत शिरताना चपला बाहेर. देव नव्हे, कागद. मागची भिंत आणि जमीन यांची कड दिसू नये म्हणून वरून नऊ फुटी कागदाचा रोल सोडतात आणि तो वळवून जमिनीवर पसरतात. त्यावर चपलेचा ठसा उमटला की तेवढा कागद कापायचा आणि त्याचे पैसे तुमच्या बिलात. त्यामुळे रेम्ब्रांटपासून हॉलिवूडपर्यंतची सगळी चर्चा आम्ही मोजे घालून केली. डॉक्टरांच्या उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, आणि तोही काळोख्या बाजूला असल्यामुळे त्रिकोणी दिसत होता.

मॉडेल मुंबईहून आली होती. साड्यांच्या कॅटलॉगचं काम करणारी, म्हणजे सकाळी चढवलेली साडी दुपारपर्यंत पाच-पंचवीस वेळा बदलणारी. आल्या आल्या तिने सगळ्यांना नमस्कार केला, दिव्यांकडे एक नजर टाकली आणि स्टुडिओच्या लाइटदादांना विचारलं, "दादा, मेन कुठला धरू?" आमच्यापैकी कोणालाही तिने काही विचारलं नाही. तेव्हाच आम्ही सावध व्हायला हवं होतं.

नेसायला काकूंची पैठणी होती. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, म्हणजे अस्सल धूपछाँव. हलली की रंग बदलणार. ती वर्तमानपत्रात गुंडाळून देताना काकूंनी काकांना अटी घातल्या होत्या: पिना लावायच्या नाहीत, पदर जमिनीला लागायचा नाही, आणि मुलीला कॉफी द्यायची ती साडी उतरल्यावर. ब्लाउज मात्र स्टुडिओच्या पेटीतला. तो दोन बोटं सैल होता. दादांनी शांतपणे पाठीमागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. पुढून पाहाल तर शिंप्याने अंगावर शिवल्यासारखा, मागून पाहाल तर चाळीतली गॅलरी. जाहिरातीतला कुठलाही बेतशीर ब्लाउज किंवा शर्ट बघताना मला हल्ली फक्त त्याची पाठ दिसते.

मग विज्ञान सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, दिवा दुप्पट लांब नेला की उजेड निम्मा नाही, पाव होतो. एक मीटरवरचा दोन मीटरवर नेलात तर दोन स्टॉप गेले. त्यामुळे दिवा जवळ असला की नाक उजळ आणि कान अंधारात, लांब नेला की दोघांची परिस्थिती सारखी. हे सगळं बरोबर आहे. पण ते त्यांनी पेन काढून, हातावर आकृती काढून सांगितलं. तोवर लाइटदादांनी स्टँड दोन वीत मागे सरकवला, पायावर रेतीची पिशवी टाकली, सोनेरी काठावर उजेड मारत होता तिथे काळा कटर लावला आणि तंबाखू मळायला बाहेर गेले. आयुष्य फिल्म लाइनमध्ये गेलेला माणूस. त्यांच्या भाषेत उजेड 'मारतो', त्याला 'कापायचा' असतो, मग तो 'गळतो' आणि शेवटी 'बसतो'. पोलीस ठाण्यातल्या दैनंदिनीसारखं ऐकू येतं, पण चेहरा सुरेख दिसायला लागतो.

आयटीतल्याने पहिला फोटो काढला तो अर्धाअधिक काळा. स्टुडिओतल्या फ्लॅशशी जुळवायचं तर बहुतेक कॅमेऱ्यांचं शटर एक दोनशांश सेकंदाच्या आसपास ठेवावं लागतं. त्याहून वेगात नेलं की फ्लॅश उडतो तेव्हा शटरचा पडदा वाटेतच असतो आणि फोटोत काळा पट्टा येतो. याने एक हजारांश ठेवलं होतं. "लो-की आहे," तो म्हणाला. त्यानंतर मॉडेलने डोळे मिटले, कारण अचानक सगळे दिवे एकदम कडाडले. फोटो तर कोणीच काढला नव्हता. पुन्हा कडाडले. दादा धावत आत आले. "मोबाइल कोणी मारला?" काका साडीची स्थिती काकूंना व्हॉट्सॲपवर कळवत होते, फ्लॅश लावून. स्टुडिओतल्या दिव्यांना एक डोळा असतो; दुसरा फ्लॅश दिसला की हेही त्याच्याबरोबर उडतात. मंगल कार्यालयातल्या पंक्तीत एकाने 'वदनी कवळ' सुरू केलं की सगळे सुरू होतात, तसं.

आता सूचनांबद्दल. स्टुडिओत सर्वांत जास्त उच्चारली जाणारी सूचना म्हणजे 'नॅचरल राहा'. तिच्या पाठोपाठ आलेल्या सूचना मी थर्माकोलमागून ऐकत होतो. वजन मागच्या पायावर. पुढचा गुडघा सैल. खांदे खाली. हात कमरेपासून जरा सुटा, म्हणजे दंड जाड दिसणार नाही. मान पुढे काढा, कासवासारखी नाही, आणि हनुवटी खाली. जीभ टाळूला. श्वास सोडा पण पोट सोडू नका. आणि नॅचरल राहा! यात काकांनी आपली भर घातली, "बाळ, जरा खाली बघ. लाजल्यासारखं." ती तशाच अवस्थेत, ओठ न हलवता म्हणाली, "काका, फोटो साडीचा आहे की स्थळाचा?"

त्यात डाव्या-उजव्याचा घोळ. "मान डावीकडे." "माझ्या की तुमच्या?" "तुमच्या. म्हणजे माझ्या उजवीकडे. नाही, थांबा." डॉक्टर तर तोंडाच्या आतून विचार करणारे, त्यांचं डावं चौथ्याच कुठल्यातरी हिशेबाने ठरतं. दादांनी हा प्रश्न कायमचा सोडवून टाकला आहे. "मॅडम, हनुवटी एसीकडे. नजर दरवाज्याकडे. खांदा मीटरच्या पेटीकडे." एसीला डावं-उजवं नसतं. दोन सेकंदात पोझ बसली.

डोळ्याखालचा त्रिकोण अखेर पडला तेव्हा सगळे टाळ्या वाजवणार होते, पण काकांना अर्धा चेहरा काळा आवडेना. त्यावर डॉक्टरांनी हॉलिवूडचा दिग्दर्शक सेसिल डेमिल याची गोष्ट सांगितली. १९१५ च्या सुमाराला त्याने एका चित्रपटात चेहरे असेच अर्धे उजळले. निर्माता सॅम गोल्डविन वैतागला, की नटाचं अर्धंच तोंड दिसतंय, तर थिएटरवाले पैसेही अर्धेच देतील. डेमिलने उलट कळवलं की याला रेम्ब्रांट लाइटिंग म्हणतात. मग त्याच अर्ध्या तोंडाचे दुप्पट पैसे मागायचं ठरलं, असा किस्सा खुद्द डेमिलच सांगायचा. काका बराच वेळ गप्प होते. कर्ज विभागात इतकी वर्षं काढून असं तारण त्यांनी पाहिलं नव्हतं. मग त्यांना दादासाहेब फाळके आठवले. चित्रपटाच्या आधी फाळक्यांचा फोटोस्टुडिओच होता, आणि बडोद्यात म्हणे लोक फोटोला बसायला घाबरत, कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो म्हणून. शिवाय 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही कामं अण्णा साळुंक्यांनीच केली. "१९१७ साल! मॉडेलचा खर्च निम्मा," काका म्हणाले आणि माझ्याकडे विचारात पडल्यासारखे बघू लागले. मी थर्माकोल चेहऱ्यासमोर धरला.

पण शक्ती ओढण्याच्या बाबतीत बडोद्याचे लोक अगदीच चुकीचे नव्हते. दुपारपर्यंत मॉडेल तशीच ताजी आणि आम्ही ओढलेले. कारण, हे मला थर्माकोलमागून नीट दिसलं, आम्ही उजेड तिच्यापर्यंत नेत होतो आणि ती आपली आपण उजेडापर्यंत जात होती. आम्ही स्टँड सरकवायचो, ट्रिगरवरून भांडायचो, आणि ती गाल जेमतेम बोटभर वळवायची. त्रिकोण हजर. मी विचारलं, कळतं कसं? ती म्हणाली, "पूर्वी सोपं होतं. फ्लॅशच्या पोटात हॅलोजनचा बल्ब असायचा. तो गालाला ऊब देतो. जिथे ऊब तिथे मेन. आता एलईडी आले, थंडगार. आता समोरच्याच्या चष्म्यात बघते." म्हणजे डॉक्टर त्रिकोणाचं गणित मांडत होते तेव्हा ती त्यांच्याच चष्म्याच्या काचेत सॉफ्टबॉक्स कुठे आहे ते बघून घेत होती. आमच्यातल्या एकाला तरी हे सुचलं होतं का? आम्हाला दिवे दिसतात, मीटरचे आकडे दिसतात. चेहऱ्यावर दिवा कसा लागतो ते चेहऱ्यालाच ठाऊक.

तास संपायला थोडा वेळ होता. वाया कसा घालवायचा म्हणून काका म्हणाले, "एक पासपोर्ट साइज घ्या हो माझा. केवायसी मागतायत." ज्या बँकेत उभं आयुष्य काढलं तीच बँक आता ओळख पटवायला फोटो मागत होती, याचा सल त्यांच्या आवाजात होता. ते स्टुलावर बसले आणि दिवसभर इतरांना नॅचरल राहायला सांगणाऱ्या त्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, "हातांचं काय करू?"

"काका, हात दिसणारच नाहीत," मॉडेल म्हणाली.

"तरी पण."

तिने त्यांच्या हातात घडी केलेली पैठणी दिली. काका एकदम सावध, ताठ, जबाबदार दिसू लागले. केवायसीला याहून काय हवं? दादांनी मुरवलेल्या सगळ्या सावल्या मोडून टाकल्या, दोन दिवे दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर आणले. पासपोर्टला सावली चालत नाही. मग डॉक्टरांना आठवलं की त्यांनाही नोंदणीच्या नूतनीकरणाला फोटो लागणार आहे. आयटीतल्याला अमेरिकेचा व्हिसा, तो तर दोन इंच बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, चष्मा काढून. सगळे मोज्यांत रांगेने उभे. सकाळपासून 'जरा हसा' ऐकून घेतलेली ती मुलगी आता कॅमेऱ्याशेजारी उभी राहून एकेकाला सांगत होती, "हसू नका. कान दिसू द्या. हनुवटी एसीकडे नाही हं, सरळ." माझा नंबर आला तेव्हा थर्माकोल धरायला कोणी मोकळं नव्हतं, तो तिनेच धरला.

निघताना तिने घड्याळ पाहिलं आणि काकांना म्हणाली, "पासपोर्टचा अर्धा तास वेगळा लागेल हं, काका."

"मॉडेल तर आम्ही होतो!" काका म्हणाले. तरी पाकीट काढलं, आणि नोटा मोजताना पैठणी तिच्याकडेच धरायला दिली.