संध्याकाळची चढण

आपल्या वीजजाळ्याचा जीव एका आकड्यात असतो: सेकंदाला 50 आवर्तनं. तो 49.90 ते 50.05 च्या आत राहिला की सगळं आलबेल. बाकीचं सल्लागार बघतात. सल्लागार म्हणजे आपल्याच कंट्रोल रूममधले आकडे घेऊन जाणारा आणि त्यांचे रंगीत आलेख करून जीएसटीसकट परत देणारा सज्जन गृहस्थ.

सूर्य मावळतो, हा त्यांचा अलीकडचा शोध. दुपारी सौरवीज उतू जाते, सहाला ती घरी निघते आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे लागतात. माझी आजी दिवेलागणीच्या आत कंदिलाची काच पुसून ठेवायची. तिचं बिल कुणी मंजूर केलं नसतं.

मुंबईकडे म्हणे बेट योजना होती. बाहेरचं जाळं कोसळलं की शहरानं वेगळं होऊन स्वतःच्या विजेवर तगायचं. 12 ऑक्टोबर 2020 ला, सकाळी दहाच्या सुमारास, बेटच बुडालं. लोकल जागच्या जागी थांबल्या. बेटावर माणसं फार आणि वीज थोडी, चौथीतलं गणित. मग समित्या बसल्या.

त्याच वर्षी 5 एप्रिलला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं देशानं दिवे मालवले. मागणी सुमारे 31 हजार मेगावॅटनं घसरली, अंदाजाच्या दुपटीहून अधिक. जलविद्युत केंद्रांतल्या मंडळींनी टर्बाइनं आवरली, पुन्हा सोडली, आणि जाळं शाबूत राहिलं. त्या नऊ मिनिटांवर पुढे किती स्लाइडी निघाल्या, ते मोजायला एक सल्लागार नेमावा म्हणतो.