बिनवासाचं मासेमारगाव

बायकोला इटलीला जायचं होतं. चिंक्वे तेर्रेला: कड्यावर लटकलेली रंगीत घरांची पाच गावं, खाली मासेमारीच्या होड्या, वगैरे. पण मालवणहून आमच्याकडे टोरांटोला आलेल्या तिच्या वडिलांकडे, म्हणजे अण्णांकडे, शेंगेन व्हिसा नव्हता आणि तो मिळेपर्यंत त्यांच्या परतीची तारीख उलटून गेली असती. मग तिने तोडगा काढला: नोव्हा स्कोशियातलं लूननबर्ग. युनेस्कोच्या यादीत ते 1995 साली आलं, चिंक्वे तेर्रे 1997 साली. "म्हणजे आपण सीनियर गावाला चाललोय," असं तिने मला पटवलं. कमी खर्चाची गोष्ट मला पटकन पटते.

अण्णांना पटवावं लागलं नाही. 'मासेमारांचं गाव' एवढं कानावर पडताच ते तयार. हॅलिफॅक्सपासूनचे सुमारे शंभर किलोमीटर त्यांनी गाडीची काच खाली ठेवून काढले. गाव आलं. लाल, पिवळी, निळी लाकडी घरं. कोळ्याला समुद्रातून स्वतःचं घर ओळखता यावं म्हणून ती रंगवली, अशी दंतकथा इथेही मिळते. रंगीत घरांच्या प्रत्येक गावात ती फुकट मिळत असावी. अण्णांनी नाक वर करून दीर्घ श्वास घेतला.

"कॉफीचो वास येता," ते म्हणाले. "मासे खंय आसत?"

प्रश्न रास्त होता. ब्रिटिशांनी 1753 साली जर्मन, स्विस आणि फ्रेंच प्रॉटेस्टंटांना आणून इथे वसवलं, तेव्हा त्यांतले बहुतेक शेतकरी होते. गावाचा आराखडा चौकोनी आणि टेकडी खडी, त्यामुळे काही रस्ते सरळ आभाळात जातात. अण्णांच्या गुडघ्यांनी ब्रिटिश साम्राज्याचा निषेध त्या चढावर नोंदवला. पुढे शेतकऱ्यांचे कोळी झाले, न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्सच्या समुद्रातून कॉड मासा आणू लागले. तो खारवून, वाळवून कॅरिबियन बेटांवर जायचा आणि बदल्यात रम यायची.

"सुकी मासळी देऊन दारू! शाणी माणसां," अण्णांनी पहिल्यांदाच मान डोलावली.

बंदरावरच्या मत्स्य-संग्रहालयात ते खरे रमले. धक्क्याला 'थेरेसा ई. कॉनर' हे 1938 सालचं शिडाचं जहाज बांधलेलं आहे. अशा जहाजांवर डोरी नावाच्या छोट्या होड्या वाट्यांसारख्या एकात एक रचून ठेवत. खोल समुद्रात गेल्यावर एकेका डोरीत दोघं जण उतरायचे आणि गळांची लांबच लांब दोरी सोडायचे. अण्णांनी डोरीच्या कडेवर अंगठा फिरवला, सांधा दाबून पाहिला, एक खिळा नापसंत केला. 1963 साली हे जहाज न्यूफाउंडलंडला खलाशी गोळा करायला गेलं, पुरेसे मिळालेच नाहीत, आणि लूननबर्गची डोरीवरची मासेमारी तिथेच संपली. गंमत म्हणजे त्याच वर्षी याच गावात 'ब्लूनोज 2' हे जहाज पाण्यात सोडलं गेलं. मूळ 'ब्लूनोज' 1921 सालचं, मासेमारीचं आणि शर्यती जिंकणारं. 1937 पासून कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर आहे, पण स्वतः 1946 साली हैतीजवळच्या खडकावर आपटून गेलं. त्याची ही प्रतिकृती बिअरवाल्यांच्या पैशाने बांधली. म्हणजे मासे धरायला माणूस मिळेना, त्याच वर्षी मासेमारीची जाहिरात करायला जहाज तयार!

कॉड संपत आला म्हणून 1992 साली न्यूफाउंडलंडजवळ तो धरण्यावर सरकारलाच बंदी घालावी लागली, हे मी सांगितलं. अण्णांना दुसरं काही सांगायची गरज पडली नाही. "ट्रॉलर," ते म्हणाले, आणि मग किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मालवणच्या रापणीचं यांत्रिक पर्ससीन जाळीवाल्यांनी काय केलं त्यावर अर्धा तास बोलले. ऐकायला दोन अमेरिकन बाई-बुवाही थांबले. तेही कार्यक्रमातच आहे असं त्यांना वाटलं असावं.

बाहेर, समुद्रात गेलेल्यांची नावं कोरलेले काळे दगडी खांब आहेत. ऑगस्ट 1926 आणि ऑगस्ट 1927 च्या वादळांनी इथली घरंच्या घरं रिकामी केली. एकच आडनाव खाली खाली येत राहतं. अण्णांनी कानटोपी काढून सगळे खांब वाचले.

जेवायला लॉब्स्टर मागवला. तो टाकीतून हसतमुख वेटरच्या हातात आला, दोन्ही नांग्यांवर रबरबँड.

"ह्येका कित्याक बांधून ठेवल्यानी? आमच्या शेवंडीक तर नांगेच नसतत!"

तो उकडून परत आला, सोबत वितळलेलं लोणी आणि आमच्या गळ्यात बांधायला प्लास्टिकची लाळेरी. कोकम नाही, ओलं खोबरं नाही, मिरची तर लांबच. लाळेरं बांधलेले अण्णा एखाद्या शोकसभेत बसल्यासारखे जेवले. 'सॉलोमन गंडी' मात्र त्यांना आवडली: व्हिनेगरात मुरवलेला हेरिंग मासा, कांद्याबरोबर. तिचं नावही त्यांनी वेटरकडून दोनदा म्हणवून घेतलं.

बिल येईपर्यंत ते गप्प होते. बोटांवर काहीतरी मोजणं चाललं होतं: संग्रहालयाचं तिकीट, दारातली रांग, दिवसाचे तास. मग त्यांनी मालवणला मुलाला फोन लावला. तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेलेले.

"ती जुनी होडी इकू नको," ते ओरडले. "तिका लाल रंग काढ आणि अंगणात ठेव. न्हय, पाण्यात न्हय! अंगणात! तिकीट मी इल्यावर ठरवतंय."