आरागॉनचे राजे, मुक्काम डोंबिवली

निवृत्त माणसांचे आमच्या सोसायटीत दोन पंथ आहेत. एक पंथ सकाळी फिरायला जातो, दुसरा बाकावर बसून फिरायला गेलेल्यांच्या तब्येतीची चर्चा करतो. मी दोन्हीकडून बाद झालो आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षी आरागॉनचा राजा झालो.

राज्याभिषेक भाच्याने केला. "मामा, दिवसभर इतिहास वाचत बसतोस, त्यापेक्षा घडव की," असं म्हणून त्याने माझ्या लॅपटॉपवर 'क्रुसेडर किंग्ज २' टाकून दिला. तिसरा भाग २०२० सालीच आलाय, पण तो पेलवणार नाही असं त्याचं मत पडलं. लॅपटॉपला की मला, हे त्याने स्पष्ट केलं नाही. जाताना एकच सल्ला दिला. "बटणावर माउस नेलास की बारीक अक्षरांत माहिती येते. ती वाचत जा."

मी नुसता हसलो. एकतीस वर्षं बँकेत काढलीत मी, त्यातली बारा कर्जखात्यात. 'अटी वाचून सही करा' हे मी जितक्या लोकांना ऐकवलंय तितकी त्या काळी आरागॉनची लोकसंख्या नसेल.

या खेळात तुम्ही देश नसता, माणूस असता. लग्न करता, पोरं होतात, म्हातारे होता, मरता, आणि मग वारसाच्या अंगात शिरून पुढे खेळता. वारस आपल्याच घराण्यातला असला म्हणजे झालं. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

मी १०६६ सालापासून सुरुवात केली. आरागॉन म्हणजे पिरेनीज पर्वताच्या कुशीतलं चिमुकलं राज्य. खाली झारागोझाचा मुसलमान अमीर, बाजूला नात्यागोत्यातले ख्रिस्ती राजे. या नातेवाइकांचं काय सांगावं! फर्डिनंड राजा १०६५ साली वारला आणि जाताना राज्याचे तीन वाटे करून गेला: सांचोला कॅस्टिल, अल्फोन्सोला लिऑन, गार्सियाला गॅलिशिया. सात वर्षांत सांचोचा सामोरा शहराच्या तटाबाहेर खून झाला, गार्सिया कैदेत पडला तो १०९० साली मरेपर्यंत, आणि सगळं अल्फोन्सोच्या नावावर चढलं. मला अगदी गावी आल्यासारखं वाटलं. आमच्या आजोबांच्या तीन एकरांचे सात वाटे झाले. त्यातल्या विहिरीचा निकाल अजून लागायचाय.

खेळातही तोच कायदा. राजा मेला की मुलांत वाटणी. दोन पिढ्या मी झारागोझाकडून इंच इंच जमीन घेतली आणि दोन्ही वेळा ती वाटण्यांत गेली. तिसऱ्या पिढीत माझा राजा सांचो (या लोकांना नावं कमी पडतात) गादीवर आला तेव्हा त्याला चार मुलगे होते आणि गार्सिया नावाचा एक धाकटा भाऊ होता. मुलगी एकही नाही. याच सुमारास पडद्यावर घोषणा झाली की टेम्प्लर नावाचा पंथ स्थापन झाला आहे.

हे टेम्प्लर मला पुस्तकांतून माहीत होते. पहिल्या क्रुसेडनंतर जेरुसलेमला जाणाऱ्या यात्रेकरूंना वाटेत लुटत, मारत. म्हणून १११९ च्या सुमारास ह्यूग द पेयाँ नावाच्या फ्रेंच सरदाराने काही सोबत्यांना घेऊन शपथ वाहिली: ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन, आणि कमरेला तलवार. ११२९ साली त्र्वा इथल्या धर्मसभेने त्यांना रीतसर नियमावली दिली. मांस आठवड्यातून तीनच दिवस आणि स्त्रीचं चुंबन घ्यायचं नाही, ती आई असली तरी. त्यांच्या मोहरेवर एकाच घोड्यावर डबलसीट बसलेले दोन शिलेदार होते. पुढे ११३९ मध्ये पोपने त्यांना आपल्या थेट छत्राखाली घेतलं. म्हणजे स्थानिक राजा असो की बिशप, कोणाचाच हुकूम त्यांच्यावर चालायचा नाही.

यातलं शेवटचं वाक्य मी वाचलं होतं. समजलं नव्हतं.

कारण माझ्या डोक्यात आपले गोसावी होते. अंगाला राख, हातात तलवार, आणि जो पैसे देईल त्याची चाकरी. अनूपगिरी गोसावी १७६१ साली पानिपतावर शुजाउद्दौल्याबरोबर, म्हणजे अब्दालीच्या बाजूला होता आणि पुढे महादजी शिंद्यांच्या नोकरीतही आला. लढाऊ साधू म्हटला की असाच व्यवहारी असणार, हे मी गृहीत धरलं. शिवाय खेळात टेम्प्लरांना बोलवायला पैसे लागत नाहीत, पुण्य लागतं. पडद्याच्या वर सोन्याच्या आकड्याशेजारी पुण्याचाही आकडा असतो. चित्रगुप्ताची वही पासबुकासारखी समोर उघडलेली पाहून मी भारावलो. भाडोत्री फौज दर महिन्याला तिजोरी पोखरते आणि हे लोक लढतात फुकट! असा ठेवीदार मला बँकेत एकतीस वर्षांत भेटला नव्हता.

मग मी सुटलोच. राज्यातली सगळ्यात मजबूत गढी टेम्प्लरांना देऊन टाकली. देवस्थानाला इनाम दिल्याचं समाधान वाटलं. आणि त्यानंतर मला ते सापडलं. मुलगा सज्ञान झाला की त्याला पंथात धाडता येतं, आणि एकदा शपथ घेतली की त्याचा वारसाहक्क संपतो!

हातातला चहा तसाच राहिला. वाटणीवर उतारा! आजोबांना हे सुचलं असतं तर आज विहीर माझी असती. चारपैकी तीन मुलगे मी लागोपाठ टेम्प्लरांत पाठवले. थोरला राज्याला ठेवला. अखंड आरागॉन एका नावावर, सातबारा कोरा. मी हिला उठवून सांगितलं, "तिघांना मार्गी लावलं."

"थोरल्याचं काय?" ही म्हणाली. "एकच ठेवलात?"

"एकच पुरे," मी म्हटलं.

आता गार्सियाचं सांगतो. माझ्या या भावाने एक परगणा मागितला होता, मी दिला नव्हता. त्याने चार सरदार जमवले आणि एका पावसाळ्यात निरोप धाडला की मुकुट काढून ठेवा. मला हसू आलं. ज्याच्या पदरी टेम्प्लर त्याने गार्सियाला घाबरायचं? रात्री साडेबाराला मी फौजेचं पान उघडलं, टेम्प्लरांच्या नावापाशी गेलो आणि बटण दाबलं.

काही झालं नाही. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा जरा जोरात दाबलं, जसं लिफ्टचं दाबतात. मग चष्मा लावून पाहिलं तर बटण राखाडी होतं. माउस तसाच ठेवल्यावर बारीक अक्षरं उमटली. मथितार्थ असा: तुमचं कोणत्याही परधर्मीयाशी युद्ध चालू नाही.

गार्सिया माझ्याइतकाच कॅथलिक होता. माझ्याहून जास्तच, बहुधा. भाऊबंदकीत देवाची माणसं पडत नाहीत, ही अट पहिल्या दिवसापासून तिथे लिहिलेली होती. झारागोझाच्या अमीराशी उगाच भांडण उकरून बटण पेटवावं असंही मनात आलं, पण घरात चोर शिरलेला असताना शेजाऱ्याची खिडकी फोडायला जायची छाती झाली नाही.

"अहो, एक वाजला," आतून आवाज आला.

"भावाने बंड केलंय."

"कुठल्या? नाशिकच्या?"

मी उत्तर दिलं नाही. मी कर्ज काढत होतो. टेम्प्लर लढायला येत नसले तरी उसने पैसे देतात आणि यात कल्पनेचा भाग फारसा नाही. यात्रेकरूने युरोपात पैसे भरायचे, चिठ्ठी घ्यायची, पवित्र भूमीत चिठ्ठी दाखवून पैसे उचलायचे, हा व्यवहार त्यांनी खरोखर चालवला. फ्रान्सच्या राजांची तिजोरीसुद्धा पॅरिसमध्ये त्यांच्या वाड्यात असे. थोडक्यात, माझेच पूर्वज. त्यांच्या पैशातून मी भाडोत्री सैनिक आणले. दोन लढाया बरोबरीत सुटल्या, मग खजिना आटला आणि भाडोत्री लोक पगाराच्या तारखेनंतर थांबत नाहीत. त्याच सुमारास थोरला मुलगा तापाने गेला. मी त्या सूचनेवर 'ठीक आहे' दाबलं, कारण दुसरा पर्यायच नव्हता.

मग नजर आणखी एका बटणाकडे गेली. पंथाला राज्याबाहेर हाकला आणि त्याची मालमत्ता जप्त करा. हे बटण मात्र पेटलेलं होतं. फ्रान्सच्या चौथ्या फिलिपने हेच केलं. त्याच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता आणि शुक्रवार, १३ ऑक्टोबर १३०७ च्या पहाटे त्याने देशभरातले टेम्प्लर एकाच वेळी पकडवले. पाखंडाचे आरोप ठेवले, छळ करून कबुल्या घेतल्या. १३१२ मध्ये पोपने पंथ बरखास्त केला आणि १३१४ मध्ये शेवटचा ग्रँड मास्टर जाक द मोले पॅरिसमध्ये जिवंत जाळला गेला. मी बारा वर्षांत नाना तऱ्हेचे थकबाकीदार पाहिले. पत्ता बदलणारे, हॉस्पिटलात भरती होणारे, हप्ता मागायला गेलं की नातवाला पुढे करणारे. पण मॅनेजरसकट बँकच जाळून टाकणारा हा एकच.

पोर्तुगालचा राजा दिनिश त्यामानाने सभ्य. त्याने टेम्प्लरांची मालमत्ता गोळा केली आणि १३१९ साली 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट' या नव्या पाटीखाली दुकान पुन्हा उघडलं. आम्ही याला विलीनीकरण म्हणतो. याच पंथाच्या पैशावर पुढे पोर्तुगीजांच्या सागरी मोहिमा पोसल्या गेल्या आणि त्याचाच लाल क्रॉस शिडांवर मिरवत त्यांची जहाजं आपल्या किनाऱ्याला लागली. गोव्याच्या इतिहासाचं एक टोक असं थेट त्या डबलसीट घोड्यापर्यंत जातं.

मी ते बटण दाबलं नाही. सद्सद्विवेकबुद्धी वगैरे काही नाही, माझे तीन मुलगे आत होते.

पहाटे पावणेतीनला शेवटच्या लढाईत माझा राजा सांचो मारला गेला. पडदा क्षणभर थांबला. मी मनाची तयारी केली की संपलं, झोपू या. पण खेळ संपला नाही. त्याने वारस शोधला. थोरला मेलेला, उरलेले तिघे शपथ घेऊन बसलेले, मुलगी नाही. म्हणजे राजाचा भाऊ. घराणं तेच. कोपऱ्यातलं चित्र बदललं आणि माझ्या जागी गार्सिया बसला. ज्याला मी रात्रभर शिव्या घातल्या तो आता मीच होतो, आणि युद्ध मीच जिंकलं होतं.

दुसऱ्या दिवशी भाच्याला फोन केला. तो पोटभर हसला. "मामा, बारीक अक्षरं?" एवढंच विचारलं. मी विषय बदलला आणि आरागॉनचा खरा इतिहास काढून बसलो. निदान माझ्याइतका मूर्ख राजा तिथे झाला नसेल, अशी आशा होती.

होता. पहिला अल्फोन्सो, पदवी 'लढवय्या'. झारागोझा यानेच १११८ साली जिंकलं. मूलबाळ नाही, म्हणून ११३१ साली त्याने मृत्युपत्र केलं आणि अख्खं राज्य तीन धर्मसंस्थांच्या नावावर करून टाकलं: टेम्प्लर, हॉस्पिटलर आणि जेरुसलेमच्या पवित्र समाधीचे पुरोहित. मी एक गढी दिली होती, याने सगळंच! ११३४ मध्ये तो वारला, तेव्हा सरदारांनी मृत्युपत्र वाचलं आणि बाजूला ठेवलं. राजाचा धाकटा भाऊ रामिरो मठात संन्यासी होता, त्याला ओढून बाहेर काढलं, गादीवर बसवलं, लग्न लावलं. ११३६ मध्ये त्याला पेत्रोनिला नावाची मुलगी झाली. ती वर्षाची असताना बार्सिलोनाच्या काउंटशी तिचा वाङ्निश्चय उरकून, राज्यकारभार जावयाच्या हाती देऊन, रामिरो परत मठात गेला. टेम्प्लरांनी मृत्युपत्र दाखवून हक्क सांगितला तो ११४३ मध्ये मोन्झोनसारखे किल्ले आणि राजाच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा देऊन मिटवला गेला. आमच्या विहिरीपेक्षा लवकर मिटलं.

म्हणजे त्या सरदारांना जे कळलं ते मला कळलं नाही. संन्याशाला मठातून परत आणता येतं. मी खेळात तसं बटण तासभर शोधलं. मला तरी सापडलं नाही.

गार्सिया आता चाळिशीत आहे, तब्येत उत्तम, पुण्याचा आकडा माझ्यापेक्षा कितीतरी मोठा. काल रात्री त्याला चौथा मुलगा झाला.