निवडणुकोत्तर ऐक्य : कात्रज परिसरातील काही निरीक्षणे

निवडणुकोत्तर ऐक्य, म्हणजे मतमोजणी संपल्यापासून पुढील आचारसंहिता लागेपर्यंत देशात नांदणारा सलोखा, हा विषय राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत उपेक्षित राहिला असला, तरी त्याच्या अभ्यासासाठी पुण्याच्या दक्षिण टोकाच्या कात्रजइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच सापडेल. कात्रजचा मोठा भाग महापालिकेला पुण्यात, विधानसभेला खडकवासल्यात आणि लोकसभेला बारामतीत मोडत असल्यामुळे येथील मतदाराला घर न बदलता तीन गावांची भांडणे अंगावर घेता येतात. (कात्रज म्हटले की घाट दाखवण्याची, म्हणजे फसवण्याची, म्हण काढायची, हा सदरलेखकांचा जुना शिरस्ता; प्रस्तुत विवेचनात तो मोडला आहे, कारण घाट दाखवणारे आता इतके झाले आहेत की ते म्हणीत मावत नाहीत.)

7 मे 2024 रोजी येथे सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार या नणंद-भावजयांमध्ये लढत झाली. दोन्ही प्रमुख उमेदवार दुभंगलेल्या पक्षाचे, पण राष्ट्रवादीच असल्यामुळे राष्ट्रवादाचा प्रश्न त्या दिवशी कायमचा निकालात निघायला हरकत नव्हती. परंतु सुळे निवडून आल्या आणि खडकवासल्याने मात्र आघाडी दुसऱ्या राष्ट्रवादीला दिली, त्यामुळे तो प्रश्न पुढे ढकलावा लागला. 20 नोव्हेंबरच्या विधानसभा मतदानापर्यंत तो चांगलाच पिकला होता. ‘बटेंगे तो कटेंगे’ आणि ‘एक हैं तो सेफ हैं’ या ऐक्याच्या घोषणा महाराष्ट्राला हिंदीतून मिळाल्या आणि त्यांना ‘व्होट जिहाद’ या पारिभाषिक संज्ञेची जोड मिळाली, ज्या संज्ञेचा सोपा अर्थ ‘दुसऱ्यांनी एकगठ्ठा केलेले मतदान’ असा आहे, कारण आपण केलेल्या एकगठ्ठा मतदानाला जागृती म्हणतात. समोरच्या बाजूला पक्ष फोडून गेलेल्यांसाठी ‘गद्दार’ हा एकच शब्द अडीच वर्षे पुरवून वापरला जात होता. 23 नोव्हेंबरला 288 पैकी 230 जागा सत्ताधारी महायुतीच्या तीन मुख्य पक्षांकडे गेल्या आणि विरोधी पक्षनेतेपदासाठी संकेताने लागणारे 29 सदस्य एकाही विरोधी पक्षाकडे उरले नाहीत, तेव्हा विधानसभेपुरते तरी ऐक्य जवळजवळ पूर्ण झाले.

सभागृहाबाहेरचे ऐक्य फ्लेक्सवर वाचावे लागते. पुणे महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपून कारभार प्रशासकाकडे, म्हणजे कोणीही निवडून न दिलेल्या अधिकाऱ्याकडे, गेल्यामुळे त्या काळातील फलकांवर ‘माजी’ नगरसेवक होते, ‘भावी’ नगरसेवक तर विजेच्या खांबागणिक होते, पण आजी एकही नव्हता. महिनाभर ज्या फलकांनी निम्म्या मतदारांना देशाच्या मुळावर उठलेले ठरवले, त्याच चौकटींवर निकालानंतर ‘तमाम मतदार बंधू-भगिनींचे जाहीर आभार’ झळकले. नेत्यांचे चेहरे वरच्या रांगेत, कार्यकर्त्यांचे पासपोर्ट आकारात खाली आणि कोपऱ्यात तिरंगा, अशी त्यांची मांडणी असते. तमाम या शब्दात मुळावर उठलेलेही येतात की नाही, याचा खुलासा फलक करत नाही.

गृहनिर्माण सोसायट्यांत हेच कार्य व्हॉट्सॲप गट पार पाडतो. प्रचाराच्या काळात ‘बी’ विंगमधील दोन सख्खे भाऊ घड्याळ आणि तुतारी या दोन राष्ट्रवादींच्या चिन्हांवरून गट सोडून जातात, सेक्रेटरी ‘केवळ ॲडमिनच संदेश पाठवू शकतील’ अशी कळ दाबतो, आणि निकालाच्या संध्याकाळी गटाच्या चित्रात तिरंगा लावून ‘आता सर्वांनी मतभेद विसरून देश म्हणून एकत्र यावे’ असे कळवतो, ज्याला उत्तर देण्याची सोय कोणाला नसल्यामुळे ते एकमताने संमत होते. पुढचा संदेश पाण्याच्या टँकरची वर्गणी कोणी थकवली याविषयी असतो. ज्या परिसरातील तळ्याचे पाणी नानासाहेब पेशव्यांच्या काळापासून भूमिगत नळांनी शनिवारवाड्याकडे आणि पेठांतील हौदांकडे जात असे, तेथे हा संदेश वाचणे हे इतिहासाच्या अभ्यासकाला विशेष उद्बोधक ठरावे.

त्याच तळ्याकाठी उंच ध्वजस्तंभ उभा आहे. 2002 च्या ध्वज संहितेनुसार, म्हणजे ध्वज कसा फडकवावा, उतरवावा आणि जपावा याच्या नियमावलीनुसार, फाटलेला किंवा मळलेला ध्वज लावता येत नाही, त्यावर काही लिहिता येत नाही आणि त्याहून वर दुसरी पताका लावता येत नाही. डिसेंबर 2021 मध्ये पॉलिएस्टरला आणि जुलै 2022 मध्ये घरोघरी रात्रीही ध्वज ठेवण्यास परवानगी मिळाल्याने देशभक्ती स्वस्त आणि चोवीस तास उपलब्ध झाली, हे मान्य करावे लागेल. कात्रजच्या नळांबाबत अशी दुरुस्ती अद्याप प्रस्तावित नाही.

खऱ्या, अभंग ऐक्याचे उदाहरण मात्र ध्वजस्तंभापासून फार दूर नाही. कात्रज-कोंढवा रस्त्याच्या रुंदीकरणाचे भूमिपूजन 2018 मध्ये झाले; रुंदी 84 मीटर ठरली होती, ती भूसंपादनाच्या तिढ्यात 50 मीटरवर आली. या काळात राज्यात आधी भाजप-शिवसेना युतीचे सरकार होते, मग महाविकास आघाडीचे, मग महायुतीचे आले. प्रत्येकाने आधीच्याला विश्वासघातकी ठरवले, जनादेशाची चोरी सिद्ध केली, पक्षांची नावे आणि चिन्हे न्यायालयापर्यंत नेली, पण या रस्त्याला जितका वेळ लागायचा तितका लागू द्यावा याबाबत कोणत्याही दोन पक्षांत कधी मतभेद झाल्याचे आढळत नाही. पक्षांचे भांडण सत्तेपुरते असते आणि ते मिटवण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे राखून ठेवलेला असतो, तर मतदाराला ते जपून ठेवायचे असते, हा श्रमविभागाचा सिद्धान्त येथे स्पष्ट दिसतो.

15 जानेवारी 2026 च्या महापालिका निवडणुकीत या सिद्धान्ताची चाचणी झाली. मंत्रालयात एकत्र असलेले भाजप आणि घड्याळवाली राष्ट्रवादी पुण्यात समोरासमोर आले आणि दीड वर्षापूर्वी एकमेकींना खोटी म्हणणाऱ्या दोन राष्ट्रवादी जागावाटप करून एकत्र लढल्या, त्यामुळे ‘बी’ विंगमधील दोघा भावांची अडचण झाली. आपण कशावरून अबोला धरला होता, हे त्यांना आता पक्ष कार्यालयात जाऊन विचारावे लागणार होते. भाजपला बहुमत मिळाले, फलकांवरील ‘भावी’पैकी काही जण आजी झाले, आणि जे झाले नाहीत त्यांच्या नावापुढे ‘जनतेच्या मनातील नगरसेवक’ ही पदवी लागली, जिला मुदत नसते, वॉर्ड नसतो आणि रस्त्याविषयी कोणी जाबही विचारत नाही.