कर्कटकरावांस खुले पत्र

प्रति,
श्री. कर्कटकराव,
मु. कंपासपेटी, कोनमापकाखाली, दोन गुण्यांच्या शेजारी.

विषय : पाचवी ते आठवी या काळातील आपल्या सेवेबाबत.

शि. सा. न. वि. वि.

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मराठी शाळेतला मुलगा पाचवीत गेला की एकदम मोठा होई. दिवसभर पुरणाऱ्या एकच बाई जाऊन तासागणिक बदलणारे सर येत. पेन्सिलीच्या जागी पेन येई. इंग्रजीची ओळखही तिथेच होई. ती पहिलीपासून सुरू झाली २००० साली. आणि दप्तरात खुळखुळू लागे पत्र्याची कंपासपेटी.

त्या पेटीत प्रत्येकाला काम नेमून दिलेलं होतं. पट्टी रेघ आखी, कोनमापक कोन मोजी, कंपास वर्तुळ काढी. म्हणजे काढू पाही. त्याचा स्क्रू सैल झाला की वर्तुळ निघालं तिथे परत येत नसे. आपल्यापाशी मात्र ना पेन्सिल, ना आकडे. दोन अणकुचीदार पाय, बस्स. तरीही अख्ख्या पेटीत कर्तबगारी गाजवली ती आपणच. खोटं वाटत असेल त्याने महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या शाळेचा बाक पाहावा.

आपलं समग्र वाङ्मय तिथेच उपलब्ध आहे. बदली तास, सरांचा पत्ता नाही, मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्या मुलांची नावं लिहितोय, आणि शेवटच्या रांगेत कुणीतरी मान खाली घालून अतिशय एकाग्र. लाकडाच्या रेषेबरोबर गेलं की शिरोरेघ झटक्यात उमटे. वेलांटी वळवायला गेलं की ढलपी उडे. गोल अक्षरांचे चौकोन होत. त्यामुळे ‘ठ’ आणि ‘छ’ने सुरू होणारी मुलींची नावं बाकांवर फारशी टिकली नाहीत, हा अन्याय आपल्या खात्यावर आहे. काम फत्ते झालं की खाचेत पेनातली शाई सोडायची. ती मुरायची बाकात आणि उठायची पुढच्या तुकडीतल्या निरपराध मुलाच्या बाहीवर.

बाकीची कामं किरकोळ. खोडरबराची चाळण करणं, तळव्यातला काटा काढणं, चपलेच्या पट्ट्याला नवं भोक पाडणं. बाकावर पंजा पसरून बोटांच्या मधल्या जागांत आपल्याला धडाधड रोवायचा एक खेळही होता. त्याची हकीकत घरी कळली नाही तेच बरं.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या १७व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा करायला बंदी केली. बाकांसाठी असं कलम अजून निघालेलं नाही.

आता थोडं आपल्या अधिकृत हुद्द्याविषयी. पुस्तकात आपलं काम एवढंच : दोन टोकं रेषाखंडावर ठेवायची, उचलायची, पट्टीवर लावायची, लांबी वाचायची. पट्टी सरळ रेषाखंडावरच ठेवली तर काय बिघडतं, असं कुणी विचारलं की वर्गात एक विशिष्ट शांतता पसरे. खरं तर ही शंका फार जुनी. युक्लिडने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी आपल्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात, दुसऱ्याच प्रमेयात, एका जागची लांबी दुसऱ्या जागी नेऊन दाखवली, तीसुद्धा कागदावरून उचलताच मिटणाऱ्या कंपासाने आणि बिनआकड्यांच्या पट्टीने. आपल्याला त्याने बोलावलंही नाही. थोडक्यात, भूमितीत आपण बिनखात्याचे मंत्री.

पण खातं होतं, कर्कटकराव! ते भूगोलात होतं. त्याच दप्तरात, दोन पुस्तकं पलीकडे.

ल्युइस फ्राय रिचर्डसन नावाचा एक इंग्रज शास्त्रज्ञ देशांच्या सरहद्दी आणि युद्धं यांचा संबंध शोधत होता. त्याला आढळलं की स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यातल्या एकाच सरहद्दीची लांबी एक देश ९८७ किलोमीटर सांगतो आणि दुसरा १,२१४. मग तो आपल्यालाच घेऊन नकाशांवर चालला. पाय फाकवून किनाऱ्यावरून पावलं टाकायची आणि मोजायची. पाऊल आखूड केलं की प्रत्येक खाडी, प्रत्येक वळण हिशेबात येतं आणि किनारा लांबतो. आणखी आखूड केलं की आणखी लांबतो. याच निरीक्षणाच्या आधारे गणितज्ञ मँडेलब्रॉटने १९६७ साली ब्रिटनच्या किनाऱ्याच्या लांबीवरचा गाजलेला निबंध लिहिला. त्याच वर्षी पुण्यात बालभारती स्थापन झाली, पण या दोघांची गाठ कुणी घालून दिली नाही.

मुलं पाठ करत राहिली : महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर. परीक्षेत ७१९ लिहिलं तर गुण जात. इकडे भारताच्या किनाऱ्याची नवी मोजणी झाली, जास्त बारकाईच्या नकाशांवरून, आणि ७,५१६ किलोमीटरचे ११,०९८ झाले. समुद्र होता तिथेच होता. पाऊल तेवढं आखूड झालं. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत आपल्याला एकदा लांब टांगा टाकत आणि एकदा तुरुतुरु चालवलं असतं, तर सहावीतल्या पोराला हे एका तासात दिसलं असतं. पण भूमितीचे सर पहिल्या तासाला आणि भूगोलाचे सर मधल्या सुट्टीनंतर. भूगोलाच्या सरांनी वळणं मोजायला दोरा आणायला सांगितला. पोरांनी तो आणला आणि त्यावर भोवरा फिरवला.

कोकणातली जी मुलं पुढे मर्चंट नेव्हीत गेली, त्यांना आपण चार्टरूममध्ये पुन्हा भेटलात. तिथे आपला रुबाब निराळा. चार्टवर दोन बिंदूंमधलं अंतर आपल्या पायांत पकडायचं आणि कडेच्या अक्षांशांच्या मापावर लावायचं. एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. बाकावर नाव कोरणाऱ्या हातालाच पुढे जहाजाचं अंतर मोजायला आपण लागलात आणि तेव्हाही आपली ओळख करून द्यायला शाळेतलं कुणी हजर नव्हतं.

तरी, भूगोलाच्या तासाला चार वर्षं सलग गैरहजर राहिल्याबद्दल आपला खुलासा मागवण्यात येत आहे. तो कागदावर यावा. बाकावर दिल्यास विचारात घेतला जाणार नाही.

कळावे,
आठवी ‘क’चा माजी पट

ता. क. : नव्या बाकांना वरून सनमायका लावतात. आपले पाय त्यावरून घसरतात, असं ऐकतो. पण परवा एका शाळेत सनमायकाची एक कड उचकटलेली दिसली, आणि आत ताजी शिरोरेघ.